वरखर्च

माझ्या अनुवादांची यादी कुणी मागितली, तर मी दोन कादंबऱ्या, एक कथासंग्रह आणि नियतकालिकांत आलेल्या काही कविता सांगते. यादी खरी आहे, पण घर त्या यादीवर चालत नाही. घर चालतं ते स्वयंसेवी संस्थांच्या कागदांवर: वार्षिक अहवाल, अनुदानाचे अर्ज, करारनामे, मूल्यमापनाच्या प्रश्नावल्या, प्रशिक्षणाची टिपणं. मी बडोद्यात वाढले, जादवपूरला तौलनिक साहित्यात एम. ए. केलं आणि पुन्हा बडोद्यातच येऊन राहिले. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि थोडी बांगला अशी ये-जा करणाऱ्या माणसाकडे हे काम न मागता येतं. या पानांवर अनुवादकाचं नाव नसतं आणि ते असावं असं मला कधी वाटलेलं नाही. मात्र भाषा आणि पैसा यांच्या नात्याबद्दल मला जे थोडंफार कळलं, त्यातलं बरंचसं या बिननावी पानांनी शिकवलं.

या कागदांत गेल्या काही वर्षांत एक शब्दप्रयोग सारखा येतो, 'कपॅसिटी बिल्डिंग'. हिंदीत त्याला 'क्षमता निर्माण' म्हणतात. केंद्र सरकारने 2021 साली नेमलेल्या आयोगाचं हिंदी नावच 'क्षमता निर्माण आयोग' आहे. बांगला कागदांत 'सक्षमता वृद्धि' दिसतं. मराठीत 'क्षमताबांधणी' रुळला आहे. तौलनिक साहित्याच्या वर्गात या तीन शब्दांवर आम्ही एक अख्खी दुपार घालवली असती. निर्माण म्हटलं की आधी काही नव्हतं असं गृहीत धरलं जातं. वृद्धी म्हटलं की थोडं होतं, ते वाढलं. बांधणी म्हटलं की मला पुस्तकबांधणीचं दुकान आठवतं. फर्मे छापून झालेले आहेत, मजकूर पूर्ण आहे, पण सगळं सुटं आहे आणि तसंच राहिलं तर एखाद्या पावसाळ्यात खराब होईल. मूळ इंग्रजी शब्द एकच, पण लहानशा गावातल्या संस्थेकडे बघण्याच्या तीन तऱ्हा या तीन शब्दांत आहेत. पैसे देणारा माणूस यांपैकी कोणता शब्द मनात धरून येतो, यावर पुढचं पुष्कळ ठरतं.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. संस्थेला मिळणारा पैसा बहुतेक वेळा कामासाठी मिळतो. एवढ्या मुलांचा वर्ग, एवढी आरोग्य शिबिरं, एवढे बंधारे. देणगीदाराला मोजता येईल, फोटो काढता येईल असं काहीतरी त्या पैशातून उभं राहतं. पण तो वर्ग चालवणारी संस्था स्वतः कशावर उभी असते? तिला हिशेब लिहिणारा माणूस लागतो, जागेचं भाडं लागतं, लेखापरीक्षण लागतं, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांमधल्या बदलाची नोंद करावी लागते, आयकर खात्याच्या मुदती पाळाव्या लागतात, कार्यकर्त्यांना शिकवावं लागतं आणि एखादं अनुदान लांबलं तर दोन-चार महिने तग धरता येईल एवढी गंगाजळी लागते. या सगळ्यासाठी दिलेला पैसा म्हणजे क्षमताबांधणीचा निधी. तो कमी मिळतो, उशिरा मिळतो आणि मिळाला तर थोड्या दिवसांसाठी मिळतो.

तो कमी का मिळतो, याचं एक उत्तर दुसऱ्या एका शब्दात आहे. इंग्रजी कागदांतल्या 'ओव्हरहेड'ला मराठीत काय म्हणायचं? 'प्रशासकीय खर्च' हा कचेरीतला शब्द. 'अप्रत्यक्ष खर्च' हा लेखापालांचा. गावात मात्र लोक सरळ 'वरखर्च' म्हणतात. शब्द नेमका आहे, मूळ शब्दातलं 'वर'सुद्धा त्यात आयतं आलं आहे. अडचण एवढीच, की आपल्या घरात वरखर्च म्हणजे शिकायला परगावी राहिलेल्या मुलाला खानावळीच्या पैशांव्यतिरिक्त हातावर ठेवलेले दोनशे-पाचशे रुपये. चहा, सिनेमा, रिक्षा. तंगी आली की पहिल्यांदा तोडायचा तो वरखर्च. म्हणजे शब्द कानावर पडताच ऐकणाऱ्याने मनातल्या मनात निकाल दिलेला असतो, की हा खर्च थोडा कमी करता आला असता.

हा निकाल कायद्यातही उतरलेला दिसतो. परकीय देणग्यांचं नियमन करणाऱ्या 2010 च्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्के होती. सप्टेंबर 2020 मधल्या दुरुस्तीने ती 20 टक्क्यांवर आली. प्रशासकीय खर्च म्हणजे काय याची यादी त्या कायद्याखालच्या नियमांत दिली आहे: भाडं, वीज, दूरध्वनी, टपाल, हिशेब ठेवण्याचा खर्च, कायदेशीर सल्ला आणि अहवाल लिहून सादर करण्याचा खर्च. दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार यातून वगळलेला आहे, हिशेबनिसाचा नाही. अहवालाची नोंद वाचल्यावर मी जरा थबकले होते. याचा अर्थ असा, की माझी सगळी अठरा वर्षं त्या 20 टक्क्यांच्या आत कुठेतरी कोंबलेली आहेत.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीची गोष्ट थोडी निराळी आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. 2021 पासूनच्या नियमांत प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती आहे कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर, या निधीचा कारभार पाहताना कंपनीच्या कचेरीत होतो त्यावर. असं असूनही मी अनुवादलेल्या काही करारांमध्ये हाच 5 चा आकडा अलगद संस्थेच्या अंदाजपत्रकात उतरलेला मला दिसला आहे. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही. आकडा हाताशी होता, कडक वाटत होता, म्हणून वापरला गेला.

खरा आकडा किती असतो? ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने काही देणगीदारांच्या साथीने भारतातल्या 40 संस्थांचे हिशेब तपासून 2021 मध्ये एक अहवाल काढला. त्या संस्थांचा अप्रत्यक्ष खर्च एकूण खर्चाच्या 5 टक्क्यांपासून 51 टक्क्यांपर्यंत पसरलेला निघाला, मध्यावरचा आकडा 19. एवढ्या फरकाचं कारण साधं आहे. डोंगरातल्या पाड्यांवर पायी फिरणाऱ्या संस्थेचा खर्च आणि शहरातल्या एका इमारतीत शिकवणाऱ्या संस्थेचा खर्च सारख्या तऱ्हेने वाटला जात नाही. सगळ्यांना एकच टक्का लावणं म्हणजे कवितेचा आणि कायद्याच्या मसुद्याचा अनुवाद शब्दामागे एकाच दराने मोजणं. तसं सर्रास होतं, हे मी जाणते.

अमेरिकेत 2009 साली अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी या प्रकाराला संस्थांच्या उपासमारीचं चक्र असं नाव दिलं. देणगीदाराला वाटतं वरखर्च कमी असायला हवा. संस्थेला वाटतं खरा आकडा दाखवला तर पैसे मिळणार नाहीत, म्हणून ती तो कमी दाखवते. कमी दाखवलेला आकडा पाहून देणगीदाराची खात्री पटते, की एवढ्यात भागतं. पुढच्या वर्षी अपेक्षा आणखी खाली जाते. यात खोटं बोलण्याची इच्छा कुणाचीच नसते. मी हे चक्र इंग्रजीतून वाचलं तेव्हा मला त्यातलं काहीच नवं वाटलं नाही, कारण त्याच्या मराठी आवृत्तीचे कागद माझ्याच टेबलावर पडलेले होते.

त्यातली एक आवृत्ती सातपुड्याच्या पायथ्याची. सुरतेला गाडी बदलून नंदुरबारकडे जायचं आणि तिथून पुढे एसटीने. संस्था तिथे पंचवीसेक वर्षं काम करते आहे. तिचं नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशा पुष्कळ आहेत. दिवाळीच्या सुमारास तिथली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत बारडोली-सुरतेच्या पट्ट्यात उतरतात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती किती घेतली, हंगामात किती टन तोडला, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे त्या कुटुंबाच्या वहीत लिहिलेलं नसेल तर मुकादम सांगेल तो हिशेब. संस्थेचं मुख्य काम हेच, की प्रत्येक घराची वही असावी आणि ती घरातल्या कुणालातरी वाचता यावी. जोडीला वनहक्काचे दावे, बचत गट आणि मागे राहणाऱ्या मुलांची सोय.

लोकांच्या वह्या लिहायला शिकवणाऱ्या या संस्थेची स्वतःची वही एक गृहस्थ सांभाळत. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणते. बी. कॉम. झालेले, कीर्द आणि खतावणी हाताने लिहिण्यात मुरलेले, पुढे संगणकावरचं टॅलीही शिकले. वरखर्च या विषयावर मी ऐकलेलं सगळ्यात स्वच्छ विवेचन त्यांचं. अनुदानाच्या एका अर्जाचा अनुवाद करताना मी त्यांना फोनवर विचारलं होतं, की प्रशासकीय खर्चाच्या रकान्यात एवढी कमी रक्कम का लिहिलीत. ते म्हणाले, "ताई, आमच्या नंदुरबारच्या बाजारात मिरची नेणाऱ्याला हमाली, तोलाई, गाडीभाडं, बारदान सगळं पाठ असतं. पोत्याशिवाय मिरची बाजारात पोचली, असं कुणी म्हणत नाही. हे लोक मिरचीचे पैसे देतात आणि बारदान तुमचं तुम्ही आणा म्हणतात. आणून देतो. पण मग ते कुठून आणलं, हे विचारू नये."

ते कुठून आणलं जात होतं, हे मला नंतर कळलं. भाऊंना दरमहा जे मिळे त्याला मानधन म्हणत. भविष्य निर्वाह निधी नाही, उपदान नाही, आजारपणाची सोय नाही. बारदान त्यांच्या घरातून येत होतं.

'मानधन' हा शब्द अनुवादाला अवघड आहे. इंग्रजीतल्या त्याच्या प्रतिशब्दात मान आहे, पण धनाची लाज नाही. मराठीत ती आहे. 'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, रोकडा आणि बिनसंकोचाचा. काम केलं, पगार घेतला. मानधनात मात्र देणारा उपकार करतो आणि घेणारा संकोचाने हात पुढे करतो. रक्कम किती, हे विचारणं असभ्य ठरतं. संस्थांच्या कागदांत पगार क्वचित येतो, मानधन पानोपानी.

यामागे मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा सभासदाने आयुष्य द्यायचं आणि संस्थेने त्याच्या कुटुंबाच्या साध्या निर्वाहाची व्यवस्था करायची, अशी बांधणी होती. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुढे तो हिंगण्याला गेला, वाढला आणि पैशांइतकीच तोट्याची बाजू माणसांची आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून 1908 साली त्यांनी 'निष्काम कर्म मठ' काढला. आश्रमासाठी आणि स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी वाहून घेणारी माणसं तयार करणं हेच या मठाचं काम होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर महाराष्ट्रातला हा क्षमताबांधणीचा फार लवकरचा आणि फार विचारपूर्वक केलेला प्रयत्न आहे. संस्था माणसांवर चालते आणि माणसं आपोआप येत नाहीत, ती घडवावी आणि सांभाळावी लागतात, हे कर्व्यांना कळलं होतं.

आपण मात्र त्यातलं 'निष्काम' तेवढं उचललं आणि 'मठ' विसरलो. त्यागाची अपेक्षा उरली, त्याग करणाऱ्याच्या निर्वाहाची हमी गेली. गोखले-कर्व्यांच्या व्यवस्थेत माणूस कमी घेत असे, पण त्याच्या घराची काळजी संस्था वाहत असे. भाऊंच्या बाबतीत कमी घेणं तेवढं होतं.

मानधनाच्या या पडद्याला एक मोठं भोक अलीकडे पडलं आणि ते गुजरातेतून आलेल्या एका खटल्यात. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना 1972 च्या कायद्याखाली उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळू शकते का, असा प्रश्न होता. त्यांना मिळतं ते मानधन आहे, पगार नव्हे, हा त्यांच्याविरुद्धचा एक मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी निकाल दिला, की या कायद्यापुरतं ते मानधन म्हणजे वेतनच आहे आणि त्या उपदानास पात्र आहेत. त्या निकालाची बातमी मी तीन भाषांत वाचली. एका शब्दाच्या अर्थावर इतक्या बायकांचं म्हातारपण अवलंबून असलेलं मी यापूर्वी पाहिलं नव्हतं.

सातपुड्याच्या संस्थेला 2020 चा सप्टेंबर दोन बाजूंनी लागला. टाळेबंदीने ऊसतोडीचं गणित विस्कटलं होतंच. त्याच महिन्यात झालेल्या कायदादुरुस्तीने परकीय देणगी मिळालेल्या संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी आली. तोवर या संस्थेला एका मोठ्या शहरातल्या संस्थेमार्फत पैसे येत. ती मोठी संस्था इंग्रजी अर्ज लिहायची, इंग्रजी अहवाल पाठवायची, लेखापरीक्षकांची उत्तरं द्यायची आणि या लोकांना मराठीतून काम करू द्यायची. ती एका परीने अनुवादकच होती. मधला माणूस पैसे खातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इथे मधल्या माणसाने भाषेचं ओझं वाहिलं होतं. ती वाट बंद झाल्यावर ते ओझं थेट पाड्यावर येऊन पडलं. पुढच्या वर्षी भाऊ एका पतसंस्थेत नोकरीला लागले, पगारावर. मुलगी बारावीला होती. कुणी त्यांना थांबवलं नाही आणि थांबवायला नकोच होतं. त्यांच्याबरोबर वीस वर्षांची माहितीही गेली: कुठली पावती कुठल्या बासनात, कुठल्या दाव्याची प्रत प्रांताच्या कचेरीत अडकली आहे, कुठल्या गटाच्या पासबुकात जुन्या नावाने खातं आहे.

मग एका देशी देणगीदाराकडून तीन वर्षांचं अनुदान आलं, संस्थेच्या स्वतःच्या बळकटीसाठी. असे निधी आता थोडे दिसू लागले आहेत. फोर्ड फाउंडेशनने 2016 मध्ये 'बिल्ड' नावाने जगभरासाठी एक अब्ज डॉलरचा कार्यक्रम आखला, त्यात पाच-पाच वर्षांचा आणि बराचसा मोकळा निधी संस्थांना द्यायचं ठरलं. आपल्याकडे एडेलगिव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने 2021 साली 'ग्रो फंड' सुरू झाला: 100 तळपातळीवरच्या संस्था, 100 कोटी रुपये, 24 महिने. सातपुड्याचं अनुदान यांपैकी कशातलंही नव्हतं, पण जातकुळी तीच.

पैशाआधी प्रश्नावली आली. साठेक प्रश्न, इंग्रजीत. त्यांचा अनुवाद माझ्याकडे होता आणि उत्तरं घेतानाही मी हजर असावं असं ठरलं. त्यातला एक प्रश्न 'सक्सेशन प्लॅन'चा. कोशातलं 'उत्तराधिकार योजना' लिहिलं तर गादीचा वास येतो, 'वारस' म्हटलं तर सातबारा डोळ्यांसमोर येतो. मी साधं लिहिलं: "तुमच्यानंतर हे काम कोण बघणार?" संस्थेच्या ताईंनी, ज्यांनी संस्था उभी केली आणि ज्यांचं वय आता सत्तरीकडे झुकलं आहे, कागद हातात घेऊन तो प्रश्न वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"अगं, हे असं उघड विचारतात?" त्या म्हणाल्या.

"इंग्रजीत इतकं उघड वाटत नाही, ताई."

"म्हणून तिकडे उत्तरं देता येत असतील."

त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नाही. आठवड्याने फोन केला आणि दोन नावं सांगितली, दोघीही त्याच पाड्यांवरच्या, दोघींची आई-बापं ऊसतोडीला जाणारी. "पण त्यांना मानधनावर ठेवू नका म्हणावं," त्या म्हणाल्या. "आमचं झालं ते झालं." प्रश्नावलीत या वाक्यासाठी रकाना नव्हता. मी ते शेवटच्या 'इतर' मध्ये लिहिलं आणि इंग्रजीत नेताना त्याची धार जाऊ नये म्हणून तीनदा खोडलं.

अनुदानातून जे झालं ते सांगायला फार नाट्यमय नाही. हिशेबासाठी एक मुलगी आली, नेमणुकीच्या पत्रासह, भविष्य निर्वाह निधीसह. भाऊ रविवारी येऊन तिला जुनी बासनं समजावून देऊ लागले आणि त्या रविवारांचे पैसे त्यांना मिळाले. कपाटं आली. त्या दोघींनी वर्षभर प्रत्येक बैठकीला ताईंच्या शेजारी बसायचं आणि दुसऱ्या वर्षी ताईंनी त्यांच्या शेजारी बसायचं, असं ठरलं. सहा महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी साठवायला परवानगी मिळाली. आणि एक गोष्ट अशी झाली जी मी आधी कुठे पाहिली नव्हती. अहवाल मराठीत द्या, अनुवादाचा खर्च आमचा, असं देणगीदाराने मान्य केलं.

याचा परिणाम मला माझ्या टेबलावर दिसला. पूर्वी या संस्थेचे अहवाल दोन पानांचे असत, कुणाच्यातरी भाच्याने मोडक्या इंग्रजीत लिहिलेले. त्यांत लाभार्थींचे आकडे आणि 'यशस्वीरीत्या पार पडलं' अशी वाक्यं. मराठीत लिहायची मुभा मिळाल्यावर पहिला अहवाल अकरा पानांचा आला. त्यात एका पाड्यावर वह्यांचं काम का फसलं, हे लिहिलं होतं: मुकादम हा पाड्यातलाच, नात्यातला होता आणि वही दाखवणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं असं बायकांना वाटलं. हे कारण इंग्रजी अहवालात कधीच आलं नसतं. ते लपवायचं होतं म्हणून नव्हे, 'नात्यातला मुकादम' हे त्या भाच्याच्या इंग्रजीत बसत नव्हतं म्हणून. संस्थेला हे ठाऊक होतं, तिच्याकडे ही क्षमता होतीच. ती पोचवण्याचं बारदान नव्हतं.

क्षमताबांधणीच्या नावाखाली सगळं असंच होतं, असं मी म्हणणार नाही. ज्यांनी 'निर्माण' हा शब्द मनात धरलेला असतो, त्यांचे कागदही माझ्याकडे येतात. दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, पडद्यावर इंग्रजी शब्दांचे चौकोन, बाणांनी जोडलेले. 'थिअरी ऑफ चेंज'चं मी 'बदलाचा सिद्धांत' केलं, तेव्हा एका कार्यकर्त्याने विचारलं, की बदल झालाच नाही तर सिद्धांत चुकला की आम्ही. अशा प्रशिक्षणांवरच अनुदानातला मोठा वाटा जातो आणि तो संस्थेच्या बळकटीवर झालेला खर्च म्हणून दाखवला जातो. सातपुड्याच्या संस्थेतही दोन कार्यकर्ते आता आठवड्यातला एक पूर्ण दिवस संगणकावर रकाने भरतात. तो दिवस पूर्वी पाड्यावर जायचा. एक ताकद वाढवताना दुसरी थोडी खर्ची पडते, आणि ती कोणती हे ठरवायचा अधिकार त्या लोकांकडे असायला हवा.

साहित्याच्या वाचकांना हे सगळं दूरचं वाटू नये. आपली नियतकालिकं बंद पडली ती लेखक-कवी संपले म्हणून नव्हे. कागद, टपाल, मुद्रितशोधन, वर्गणीदारांची वही या वरखर्चाला कुणी वाली नव्हता. विशेषांकाला जाहिरात मिळते, पण वर्गणीदारांचे पत्ते नीट ठेवणाऱ्या माणसाचा पगार द्यायला कुणी पुढे येत नाही.

आपल्यातले अनेकजण संस्थांना पैसे देतात. 'लोकसत्ता' 2011 पासून गणेशोत्सवाच्या दिवसांत 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून देतो आणि मध्यमवर्गीय वाचक, निवृत्त माणसं त्यांना धनादेश पाठवतात. बडोद्यातली माझी मावशीही पाठवते. तिने एकदा मला विचारलं, "एका मुलीच्या शिक्षणासाठी असं पत्रात लिहू का?" मी म्हटलं, "काहीच लिहू नकोस. सर्वसाधारण निधीची पावती माग." तिला ते पटायला वेळ लागला. मुलगी डोळ्यांसमोर येते, सर्वसाधारण निधी येत नाही. शेवटी भाऊंचं बारदान तिला सांगितलं तेव्हा पटलं. तिचे सासरे गुळाचे व्यापारी होते.

सातपुड्याचं अनुदान येत्या मार्चमध्ये संपतं. त्यानंतर सहा महिन्यांची गंगाजळी आहे. हिशेब पाहणाऱ्या मुलीला हे स्पष्ट सांगितलेलं आहे, तीच तर ते हिशेब लिहिते. नव्या अर्जांचे मसुदे माझ्याकडे येऊ लागलेत. यावेळी प्रशासकीय खर्चाच्या रकान्यात त्यांनी खरा आकडा लिहिला आहे. त्याखाली पगार, भविष्य निर्वाह निधी, लेखापरीक्षण, गंगाजळी, अनुवाद अशी फोड दिली आहे आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. दोन ठिकाणांहून नकार आला आहे, एका ठिकाणाहून आणखी माहिती मागवली आहे. ती माहिती मराठीत लिहून तयार आहे. मला ती शुक्रवारपर्यंत इंग्रजीत न्यायची आहे.